भूलतज्ज्ञाने पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी व्हावं का?

भूलचूक | सोमवार, रात्री ११.१२

नमस्कार. इथे आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल पदरात घ्या.

मी भुलीची डॉक्टर. एमडी होऊन सात वर्षं झाली. ठाण्यात फ्रीलान्स करते. म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, कळवा, अधूनमधून घोडबंदर अशी नऊ-दहा छोटी हॉस्पिटलं. फोन आला की स्कूटरला बॅग अडकवायची, भूल द्यायची, पेशंट नीट जागा झाला की पुढचा फोन. सिझर, हर्निया, अपेंडिक्स, मोडलेली हाडं. कामाची ददात नाही. पैसे उशिरा येतात, पण येतात.

गेल्या महिन्यात रात्री एक आजी आल्या. वय ब्याऐंशी, बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेला. कमरेतून भूल द्यायची तर पेशंटला बसवावं लागतं, नाहीतर कुशीवर वळवावं लागतं. मोडलेल्या खुब्यानिशी. दोन वॉर्डबॉय, एक सिस्टर आणि मी, आम्ही चौघांनी वळवलं. त्या ओरडल्या नाहीत. माझं मनगट धरलं आणि "बाई गं, थांब ना जरा" एवढंच म्हणाल्या, तीनदा. मी थांबले नाही, कारण थांबून पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. खुब्याकडे जाणाऱ्या नसा आधी बधिर करायचा ब्लॉक असतो हे माहीत आहे. पुस्तकात वाचलाय, यूट्यूबवर पन्नासदा पाहिलाय. हात कधी बसला नाही. मी शिकले तिथे सोनोग्राफीचं मशीन रेडिओलॉजीच्या कुलपात असायचं.

आता प्रश्न. नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एक वर्षाची फेलोशिप आहे. सहा महिने नसांचे ब्लॉक, सहा महिने पेन मॅनेजमेंट, म्हणजे दुखण्यावरचे उपचार. स्टायपेंड आज कमावते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मुलगी पाच वर्षांची, नवरा ऐरोलीला आयटीत, सासूबाई घरी आहेत पण त्यांचेच गुडघे गेलेत. आणि वर्षभर मी फोन उचलला नाही तर माझे सर्जन दुसरीकडे वळणार. सुटलेला सर्जन परत येत नाही.

करावी का? डॉक्टर नसलेल्यांनीही लिहा. सुई शेवटी तुम्हालाच टोचायची आहे.

तर्री_जास्त | सोमवार, रात्री ११.२०

पयला! अर्ध्यातच डुलकी लागली. भूल जमतेय तुम्हाला.

उरणकर | सोमवार, रात्री ११.३१

आम्ही उरणचे. शिप म्हटलं की जहाजच दिसतं. मला वाटलं वर्षभर बोटीवर जाताय.

ट्रान्सहार्बर | मंगळवार, सकाळी ८.०५

गाडीतून वाचतोय, तुर्भ्याला अडकलीये. बाळबोध प्रश्न: ब्लॉक म्हणजे नेमकं काय? स्पायनल वेगळं आणि ब्लॉक वेगळा का?

भूलचूक | मंगळवार, दुपारी १.४०

@ट्रान्सहार्बर, बाळबोध अजिबात नाही, पेशंट रोज विचारतात. पूर्ण भूल म्हणजे अख्ख्या बिल्डिंगची वीज घालवणं. कमरेतून दिलेली (स्पायनल) म्हणजे खालच्या मजल्यांची. ब्लॉक म्हणजे एकाच खोलीचा फ्यूज काढणं. हाताचं ऑपरेशन असेल तर मानेच्या बाजूला किंवा काखेत, जिथून हाताच्या नसा जातात तिथे औषध सोडायचं. पेशंट जागा, श्वास त्याचा त्याचा, हात मात्र कित्येक तास बधिर. ऑपरेशननंतरची पहिली रात्र, जी सगळ्यात वाईट असते, ती बरीचशी शांत जाते.

ट्रान्सहार्बर | मंगळवार, दुपारी १.५२

समजलं. आमच्या एरियात वीज कंपनी दर शुक्रवारी हेच करते, फेलोशिप न करता.

नेरूळकर_काका | मंगळवार, दुपारी ४.१५

ताई, माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण माझे दोन्ही गुडघे बदललेत आणि दोन्हींची भूल वेगळी होती. तुलना करायला माझ्याइतका लायक माणूस मिळणार नाही.

पहिला उजवा. कमरेतून भूल, पडद्यापलीकडे हातोडी आणि करवत. हो, अक्षरशः सुतारकाम. सर्जनसाहेब असिस्टंटला उलव्यातल्या फ्लॅटचा भाव सांगत होते, तो मला आजही पाठ आहे. ऑपरेशन उत्तम. पण रात्री अकराला भूल उतरली आणि मी जे पाहिलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. सलाइनमधून वेदनाशामक चालू होतं, त्याने उलट्या. फिजिओथेरपीवाली मुलगी सकाळी आली तर तिच्यावर ओरडलो, नंतर माफी मागितली.

डावा चार वर्षांनी. हॉस्पिटल दुसरं. तिथली भुलीची डॉक्टर आदल्या दिवशी येऊन खाटेवर बसली. खाटेवर, उभी राहून नव्हे. म्हणाली, काका, कमरेतून भूल देईनच, शिवाय मांडीच्या आतल्या बाजूला एक इंजेक्शन देते, त्याने गुडघा शांत राहील पण पायातली ताकद जाणार नाही. संध्याकाळी मी वॉकर धरून संडासपर्यंत गेलो. दुखत होतं, नाही म्हणत नाही. पण ते दुखणं आणि पहिलं दुखणं यांची जात वेगळी.

सर्जन दोन्ही वेळा चांगलेच होते. फरक त्या मुलीने पाडला, आणि तिचं नाव मला बिलावरसुद्धा सापडलं नाही. करा फेलोशिप.

सुप्तावस्था | मंगळवार, रात्री १०.४८

काकांना दिलेला तो अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक. पूर्वी आम्ही जांघेत फीमोरल द्यायचो, दुखणं थांबायचं पण मांडीचा स्नायूही लुळा पडायचा आणि पेशंट उठायला गेला की कोसळायचा.

भूलचूक, मी याच धंद्यात २७ वर्षं आहे, डोंबिवली ते दिवा सगळं करून आता ठाण्यात. तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट मला पटली नाही, म्हणून लिहितोय. त्या आजींसाठी तुला फेलोशिप लागत नव्हती. फॅशिया इलियाका ब्लॉक मशीनशिवाय देता येतो. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जांघेतला हाडाचा उंचवटा यांना जोडणारी रेघ धर, तिचे तीन भाग कर, बाहेरचा एक आणि मधला एक जिथे मिळतात त्याच्या एक सेंटिमीटर खाली बोथट सुई. दोनदा "टप्प" असं हाताला जाणवतं, दोन पडदे फुटतात. मग पातळ केलेलं औषध, ३० मिली वगैरे, दर पाच मिलीला मागे खेचून रक्त येत नाही ना बघत. वीस मिनिटं थांब. (डॉक्टर नसलेल्यांनी ही पाककृती समजू नये.)

आम्ही शिकलो तेव्हा मशीन नव्हतंच. पेशंटला विचारायचो, "काका, बोटात झिणझिण्या आल्या का?" झिणझिण्या नाहीत तर भूल नाही, अशी शिकवण. मग सुईतून नसेला बारीक वीज देणारा नर्व्ह स्टिम्युलेटर आला. ०.५ मिलीअँपिअरला बोट हललं की समजायचं, आलो जवळ. तुम्हा लोकांना पडद्यावर नस दिसल्याशिवाय सुई उचलवत नाही.

आणि एक विचारतो, उत्तर इथे दे. तुझ्या बॅगेत लिपिड आहे का? (इतरांसाठी: शिरेतून द्यायचं तेलकट सलाइन.)

टाके_घालतो | मंगळवार, रात्री ११.३०

मी सर्जन. शिव्या खायला तयार आहे.

ब्लॉक चांगला असतो हे मान्य. पण छोट्या हॉस्पिटलात एक ऑपरेशन थिएटर (ओटी), तीन केसेस, बाहेर नातेवाईक. भूलतज्ज्ञ म्हणतात ब्लॉक देते, अर्धा तास द्या. अर्ध्या तासाने चिमटा लावतो तर पेशंट "आई गं". मग म्हणतात, थोडा पॅची आहे, कुठे लागलाय कुठे नाही, वरून देते. शेवटी पूर्ण भूल. म्हणजे दोन्हींचा वेळ, दोन्हींचा खर्च. त्यापेक्षा स्पायनल दे आणि मोकळी हो, असं मी म्हणतो. म्हणतोच.

भूलचूक | बुधवार, सकाळी ६.५०

@टाके_घालतो सर, तुमची ती "पॅची" केस म्हणजे हात न बसलेल्या डॉक्टरची केस. तेवढ्याचसाठी तर हा धागा.

@सुप्तावस्था सर, लिपिड नाही. एका हॉस्पिटलात विचारलं तर फार्मासिस्ट म्हणाला, मॅडम, ते आयसीयूचं सलाइन ना, आपल्याकडे कुठे आयसीयू.

सुप्तावस्था | बुधवार, सकाळी ७.१५

मग आधी ते घे. बधिर करणारं औषध चुकून रक्तात गेलं किंवा डोस जास्त झाला तर तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुण होते, पेशंट बडबडतो, मग झटके, मग हृदय. बुपिव्हाकेनने थांबलेलं हृदय भारी हट्टी असतं. त्यावर २० टक्क्यांचं लिपिड, किलोला दीड मिली, हा उतारा आहे आणि तो कपाटात असला तरच उपयोगाचा. ब्लॉक शिकवणाऱ्या वर्कशॉपात सगळे नस शोधायला रांग लावतात. हे शिकवतात तेव्हा अर्धा हॉल चहाला गेलेला असतो.

मुलुंडची_माहेरवाशीण | बुधवार, सकाळी ११.०२

डॉक्टरलोक जमलेतच तर विचारून घेते. माझं सिझर होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून कंबर दुखते. ते कमरेतलं इंजेक्शन. आमच्या सोसायटीत प्रत्येकीचं हेच आहे.

भूलचूक | बुधवार, दुपारी २.२०

ताई, हा आरोप मी आठवड्याला दोनदा ऐकते, त्यामुळे न चिडता सांगते. सुई टोचली तिथे दोन-चार दिवस ठणकतं, ते खरं. पहिल्या काही दिवसांत बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं काहींना होतं, तेही सुईमुळेच. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईने लागते असा पुरावा मिळालेला नाही. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्यांचीही कंबर दुखते. नऊ महिने पुढे झुकलेलं वजन, नंतर मूल कडेवर, पोटाचे सैल स्नायू. सुई लक्षात राहते, कारण ती एका दिवशी, एका वेळी टोचलेली असते. नऊ वर्षं दुखतंय तर दाखवून मात्र घ्या.

मुलुंडची_माहेरवाशीण | बुधवार, दुपारी २.४१

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, डॉक्टर डॉक्टरांचीच बाजू घेणार.

अर्धवट_पुणेकर | बुधवार, दुपारी ३.३०

कमरेच्या इंजेक्शनाचा विषय निघालाच आहे तर ऑगस्ट बिअर यांना विसरून चालणार नाही. १८९८ साल, जर्मनीतलं कील. या सर्जनने मणक्यातून कोकेन देऊन पायाची ऑपरेशनं केली, आणि मग म्हणाला, स्वतःवर करून बघू. असिस्टंट हिल्डेब्रांट याने सुई घातली, पण पिचकारी सुईला बसेना, मणक्यातलं पाणी गळून गेलं. मग उलटं केलं, बिअरने हिल्डेब्रांटला टोचलं. ते लागू पडलं. खात्री करायला बिअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, पायाला पेटती सिगार लावली. हिल्डेब्रांट शांत. नंतर दोघांनी वाइन घेतली. दुसऱ्या दिवसापासून बिअर कित्येक दिवस अंथरुणात, उठला की डोकं फुटायचं. आडवा झाला की बरं. भूलचूकताईंनी वर सांगितलं तेच.

फेलोशिप म्हणायची तर ती हिल्डेब्रांटची.

तर्री_जास्त | बुधवार, दुपारी ३.३४

नडगीवर हातोडी मारून घेतो आणि स्टायपेंड मागत नाही. पुण्याचा असणार.

फेलो_होतो_एकेकाळी | बुधवार, रात्री ९.५५

गंमत बाजूला ठेवून लिहितो. मी अशीच एक फेलोशिप केली. कुठे ते सांगणार नाही.

माहितीपत्रकात होतं: सोनोग्राफीवरचे ब्लॉक, सीआर्मखालच्या (म्हणजे चालू एक्सरेखालच्या) प्रोसिजर, पेन ओपीडी, मृतदेहावर शिकायचं कॅडेव्हर वर्कशॉप. प्रत्यक्षात पहिले चार महिने मी साध्या पूर्ण भुलीच्या लिस्टी ओढल्या, कारण त्यांचे दोन रजिस्ट्रार (पगारी ज्युनिअर डॉक्टर) सोडून गेले होते. रात्री आयसीयू. ब्लॉक सर स्वतः द्यायचे, मी सोनोग्राफीचा प्रोब धरायचो. प्रोब धरणं ही कला आहे असं ते म्हणायचे. बारा महिन्यांत माझ्या हातचे ब्लॉक मोजून चौतीस. शेवटी सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट आणि मोमेंटो. तो मोमेंटो माझ्या ओटीत दाराला अडसर म्हणून वापरतो.

म्हणून भूलचूक, तिथे जाऊन सरांना भेटू नका. आत्ता तिथे असलेल्या फेलोला कँटीनमध्ये गाठा. लॉगबुक दाखव म्हणा. त्यात "केला", "मदत केली", "पाहिला" असे रकाने असतात. पहिला रकाना किती भरलाय ते बघा. रात्रीच्या ड्युट्या कुणाच्या गळ्यात, तेही विचारा. आणि कागद कसला मिळतो: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या फेलोशिपचा, की हॉस्पिटलने स्वतःच छापलेला. पेनमध्ये पुढे जायचं असेल तर वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची एफआयपीपी परीक्षा वेगळी द्यावी लागते, ती या वर्षात बसत नाही, अभ्यासच तेवढा आहे.

सुप्तावस्था | बुधवार, रात्री १०.२०

+१. फेलो म्हणजे स्वस्तातला रजिस्ट्रार, हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. सगळीकडे नाही.

चौकस_आजी | गुरुवार, सकाळी ५.३५

मी लिहू का? वय चौर्‍याहत्तर, मुक्काम कोपरी. नातवाने मोबाइलवर मराठी टायपिंग करून दिलंय.

मला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीपासून छातीखालपर्यंत. शेजारणीने गेरू लावायला सांगितलं. दुसरी म्हणाली, तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, म्हणून मी रोज आरशात बघत बसायचे किती अंतर राहिलं. डॉक्टर हसले, म्हणाले आजी, ती एका नसेच्या पट्ट्यात असते, मधली रेघ सहसा ओलांडत नाही, लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू नसेत झोपलेला असतो तो उठतो.

फोड गेले. दुखणं राहिलं. ब्लाउजचं कापड लागलं तरी आग. पंख्याचा वारा लागला तरी आग. घरचे म्हणत, आता तर काही दिसत नाही. सात महिने मी आतून साडी सैल सोडून बसले. मग कुणीतरी पेनच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने आधी ऐकून घेतलं. म्हणाला, ही जळालेल्या वायरसारखी नस आहे, फोड नसले तरी ती ठिणग्या टाकते. नसेच्या गोळ्या, हळूहळू वाढवत. मग पाठीत एक-दोन इंजेक्शनं. पूर्ण गेलं नाही, पण आता कोपरीच्या मंडईत जाऊन येते.

बाई, तू हे शीक. ऑपरेशनचं शिकशीलच, पण हे शीक. आणि तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, आता भारतात मिळते. महाग आहे.

भूलचूक | गुरुवार, सकाळी ७.०५

आजी, नमस्कार करते तुम्हाला.

गुडघेदुखी | गुरुवार, सकाळी १०.१०

आजींचं नशीब चांगलं. मला एका चकचकीत पेन क्लिनिकमध्ये सात मिनिटांत सांगितलं की गुडघ्याच्या नसा आरएफने (रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने) जाळू, पॅकेज आहे, दोन्ही केले तर सूट. जिमची मेंबरशिप विकल्यासारखं. एक्सरे उलटा धरून बघत होते की काय कोण जाणे. या फेलोशिपांतून असले तयार होणार असतील तर नकोच.

सुप्तावस्था | गुरुवार, सकाळी १०.४५

आरएफ वाईट नाही. गुडघ्याच्या वेदना नेणाऱ्या बारीक नसा सुमारे ८० अंशाला ठरावीक वेळ तापवतात, काही महिने आराम मिळतो, नस पुन्हा वाढते. ऑपरेशन झेपणार नाही अशांना चांगला पर्याय आहे. पण आधी त्याच जागी नुसतं बधिर करणारं औषध देऊन बघायचं असतं, त्याने दुखणं कमी झालं तर आणि तरच पुढे. ती पायरी गाळून पॅकेज सांगत असतील तर तिथून बाहेर पडलात ते बरं केलंत.

खारघर_सेक्टर_बारा | गुरुवार, रात्री ११.५०

आजवर कुठे लिहिलं नाही, आज लिहिते.

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. शेवटचे चार महिने. दुखणं पोटातून पाठीत जायचं, ते पलंगावर बसून उशीला कवटाळून पुढे वाकून राहायचे, रात्रभर. झोपता येत नव्हतं, आडवं झालं की वाढायचं. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. १९८५ चा कायदा २०१४ मध्ये बदलला आणि हे औषध मिळणं सोपं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण जवळच्या तीन केमिस्टांनी माझ्याकडे मी ब्राउन शुगर मागतेय असं पाहिलं. शेवटी कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलातूनच मिळाल्या. त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ, गुंगी, बाबा आम्हाला ओळखेनात.

मग तिथल्या पेनच्या डॉक्टरांनी पोटामागच्या नसांच्या जाळ्यात, सीआर्मखाली, अल्कोहोलचं इंजेक्शन दिलं. पालथं झोपवून. संध्याकाळी बाबा पाठ टेकून झोपले. मी दारात उभी राहून नुसती बघत होते. गोळ्या निम्म्यावर आल्या. पाच आठवडे मिळाले, त्यात त्यांनी पीएफचे कागद समजावून सांगितले, आमरस खाल्ला, भावाशी भांडले.

एवढंच.

उरणकर | शुक्रवार, सकाळी ६.२०

🙏

संपादक_मंडळ | शुक्रवार, सकाळी ९.००

"पुण्याचा असणार" या उपधाग्यातले सतरा प्रतिसाद हलवले आहेत. विषयाला धरून लिहावे.

टाके_घालतो | शुक्रवार, दुपारी १.१५

विषयाला धरून: समजा भूलचूक वर्षभर शिकून आल्या. परत त्याच नऊ हॉस्पिटलांत. तिथे सोनोग्राफीचं मशीन नाही. स्वतःचं पोर्टेबल घेतलं तर स्कूटरवर नेता येणार नाही, कायदा आडवा येतो. मग काय करणार?

भूलचूक | शुक्रवार, दुपारी ३.००

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचा टाळत होते. बाकीच्यांसाठी: गर्भलिंगनिदान थांबवण्यासाठी १९९४ चा कायदा आहे, आणि त्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन जागेसकट नोंदवावं लागतं. पोर्टेबल असलं तरी ज्या हॉस्पिटलात नोंदलं तिथेच वापरायचं. मी मानेतली नस बघणार असले तरी मशीनला ते माहीत नसतं. कायदा का आला हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. पण फिरत्या भूलतज्ज्ञाने सोनोग्राफीवर शिकायचं आणि स्टिम्युलेटरवर जगायचं, हे खरं आहे.

फेलो_होतो_एकेकाळी | शुक्रवार, दुपारी ३.२५

म्हणूनच माझ्या बरोबरीचे बहुतेक फिरणं सोडून एका जागी बसले. किंवा पेनची ओपीडी काढली. शिसाचा एप्रन रोज घालून आता माझीच कंबर दुखते. मुलुंडच्या ताईंना सांगा, माझं सिझर झालेलं नाही.

भूलचूक | पुढच्या रविवारी, रात्री १०.३०

उशीर झाला, मुलीला ताप होता. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. सुप्तावस्था सरांनी व्यनि केला होता. बुधवारी त्यांच्या एका केसला कळव्याला बोलावलं. आजोबा, खुबा मोडलेला. सरांनी माझ्या हातात पेन दिलं, म्हणाले रेघ काढ. तीन भाग केले. सुई मी धरली, त्यांचं बोट माझ्या मनगटावर. पहिला टप्प आला. दुसरा आला की नाही मला कळेना, ते म्हणाले, घाई काय आहे, अजून अर्धा मिलिमीटर. आला. वीस मिनिटं आम्ही बाहेर चहा प्यायलो. लिपिडची बाटली त्यांच्या पिशवीत, मी बघितली. आत गेलो, आजोबांना म्हटलं आता हळूच बसवतो. ते आमच्या आधाराने बसले आणि मागे वळून म्हणाले, "पोरी, इंजेक्शन कधी देणार?" म्हणजे बसताना दुखलंच नव्हतं फारसं. मी स्पायनल दिलं तेव्हा हात थरथरत होते, सातव्या वर्षी.

सर, तुमचं बरोबर होतं. तेवढ्यासाठी फेलोशिप लागत नव्हती. शेजारी कुणीतरी उभं लागत होतं.

दुसरी. शुक्रवारी नवी मुंबईतल्या त्या हॉस्पिटलात गेले. कँटीनमध्ये फेलो सापडली, लॉगबुक दाखवलं. "केला" रकाना भरलेला आहे, पानंच्या पानं. रात्रीची आयसीयू महिन्यातून चार. तिने एक सल्ला दिला: ब्लॉक सगळीकडे शिकता येतील, पेनच्या ओपीडीत सरांच्या शेजारी बसायला मिळतं ते सोडू नको. मी दोन तास बसले. एका बाईंचं ऐकायला सरांनी पंचवीस मिनिटं घेतली, सुई काढलीच नाही, औषध बदललं आणि पुढच्या महिन्यात बोलावलं. सात वर्षांत मी एकाही पेशंटशी सलग पंचवीस मिनिटं बोललेली नाही. माझे तर झोपलेले असतात.

सासूबाईंना विचारलं, वर्षभर पोरगी सांभाळाल का. म्हणाल्या, आधी माझ्या गुडघ्याचं बघ.

फॉर्म भरलाय. मुलाखत पंधरा तारखेला. मिळेलच असं नाही. मशीनचं काय करायचं ते अजूनही ठरलेलं नाही. टाके_घालतो सर, तुमच्या ओटीत एखादं नोंदवून घेता का?

टाके_घालतो | रविवार, रात्री ११.०५

किंमत किती ते व्यनि करा. आश्वासन देत नाही.

गुडघेदुखी | रविवार, रात्री ११.१२

पॅकेज आहे, दोन घेतली तर सूट.

चौकस_आजी | सोमवार, पहाटे ५.२०

तुमची ओपीडी सुरू झाली की माझा पहिला नंबर लाव. दुपारची वेळ दे, सकाळी पाणी येतं.

ट्रान्सहार्बर | सोमवार, सकाळी ८.१०

ठाण्याहून निघणार असाल तर सातच्या आत निघा. साडेसातनंतर ऐरोलीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथे कुठलाही ब्लॉक लागू पडत नाही. रविवारचा मेगाब्लॉक तेवढा पडतो.